विचारा तर खरं : साक्षीदार इलेक्ट्रॉन

मागच्या अंकात लेसर वापरून अल्पायुषी अणुकेंद्रकांचा आकार कसा मोजतात यावर मी दोनेक पानं लिहिली होती, त्यात घाईघाईत बऱ्याच गोष्टी गुंडाळल्या आणि वाचकांनी त्या नेमक्या पकडल्या. पत्रं आणि मेल मिळून ढीग झालाय, सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि हो, केंद्रक आणि न्यूक्लियस हे दोन्ही शब्द मी मनाला येईल तसे वापरते, गोष्ट एकच आहे.

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मायक्रोस्कोप शिकताना आम्हाला सांगितलं की प्रकाशाच्या वेव्हलेंग्थपेक्षा फार लहान वस्तू दिसत नाही. लेसरची वेव्हलेंग्थ ५०० नॅनोमीटर धरली आणि न्यूक्लियस ५ फेम्टोमीटरचा धरला तर तो दहा कोटी पट लहान आहे. मग लेसरनं तो दिसतो कसा?

दिसत नाहीच गं. तुझा हिशोब बरोबर आहे, चूक माझी, मी "लेसरनं केंद्रक बघतात" असं लिहून मोकळी झाले. लेसरचा फोटॉन केंद्रकाच्या वाटेला जात नाही, तो इलेक्ट्रॉनला गाठतो आणि त्याला एका पातळीवरून दुसरीवर ढकलतो, आणि आपण मोजतो ती त्या उडीची फ्रीक्वेन्सी. म्हणजे केंद्रकाबद्दलची सगळी माहिती आपल्याला शेजाऱ्याकडून मिळते. पण हा शेजारी साधासुधा नाही, एस ऑर्बिटलमधला इलेक्ट्रॉन काही काळ खुद्द केंद्रकाच्या आत सापडतो, आत म्हणजे खरोखर आत, त्याला स्ट्राँग फोर्स, म्हणजे केंद्रकातले कण एकत्र बांधणारं बल, जाणवत नाही त्यामुळे तिथे त्याला कोणी अडवत नाही. केंद्रक हा नुसता बिंदू असता तर जवळ जाईल तशी ओढ वाढतच गेली असती, पण चार्ज पसरलेला आहे म्हटल्यावर आत शिरलेल्या इलेक्ट्रॉनला ओढ जरा कमी लागते, केंद्रक जेवढं फुगलेलं तेवढी ओढ कमी, पातळी किंचित वर सरकते आणि स्पेक्ट्रममधली रेषा जागा सोडते.

किती सोडते ते बघ. ५०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची फ्रीक्वेन्सी ६० कोटी मेगाहर्ट्झ. मध्यम वजनाच्या मूलद्रव्यात दोन शेजारी आयसोटोपांच्या (प्रोटॉन तेवढेच, न्यूट्रॉन कमी-जास्त) रेषांमधला फरक बहुतेकदा काहीशे मेगाहर्ट्झ, जड मूलद्रव्यात त्याहून जास्त. ६० कोटींमधले काहीशे शोधायचे आणि तेही एक-दोन मेगाहर्ट्झच्या अचूकतेनं. म्हणून लेसर लागतो, साध्या दिव्याच्या प्रकाशात फ्रीक्वेन्सींची एवढी बारीक निवड करता येत नाही.

दुसरी खूण म्हणजे हायपरफाइन स्ट्रक्चर, एकच रेषा जवळून पाहिली की ती चार-सहा रेषांचा झुबका निघते. हे मायकेलसननं १८९१ मध्येच पाहिलं होतं, कारण मात्र कोणाला कळत नव्हतं, १९२४ मध्ये पाउलीनं सुचवलं की केंद्रकालाही स्वतःचं कोनीय संवेग असणार. आज आपण तेच उलट वापरतो, झुबक्यात रेषा किती यावरून केंद्रकाचा स्पिन (म्हणजे तेच कोनीय संवेग), त्यांच्यातल्या अंतरावरून चुंबकीय मोमेंट, आणि अंतरं ठरलेल्या नियमापासून जेवढी हटतात त्यावरून इलेक्ट्रिक क्वाड्रुपोल मोमेंट, म्हणजे चार्ज गोल पसरलाय की लांबट की चपटा. यातल्या स्पिनसाठी केंद्रकाचं कुठलंच मॉडेल लागत नाही, नुसतं मोजायचं. बाकीच्यांना अणूच्या बाजूचं थोडं गणित लागतं, पण केंद्रकाविषयी काही गृहीत धरावं लागत नाही आणि मला यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

प्रश्न : मी निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक. तुम्ही लिहिलं की अणूंचा वेग वाढवल्यावर रेषा बारीक होतात. आम्ही आयुष्यभर शिकवलं की वेगामुळे डॉपलर ब्रॉडनिंग होतं, रेषा रुंद होतात. हे उलटं कसं?

सर, तुम्ही शिकवलंत ते बरोबरच आहे, रेषा रुंद होते ती वेगांमधल्या फरकामुळे. सगळे अणू एकाच वेगानं पळाले तर रेषा नुसती सरकते, रुंद होत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच की वेग वाढवल्यावर फरक कमी का होतो, आणि त्याचं उत्तर वर्गमूळात आहे. फळ्यावर मांडल्यासारखं मांडते. दोन अणू घ्या, एकाचा वेग ०, दुसऱ्याचा १, एकक काहीही असू दे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून ऊर्जा ० आणि १ धरा. आता दोघांना एकाच व्होल्टेजमधून ढकललं, म्हणजे दोघांच्या ऊर्जेत सारखेच १०,००० मिळवले. ऊर्जा झाल्या १०,००० आणि १०,००१. वर्गमूळ काढा, वेग झाले १०० आणि १००.००५. आधी फरक १ होता, आता ०.००५ उरला. ऊर्जेतला फरक जसाच्या तसा आहे बरं का, तो कुठे गेलेला नाही, पण वेगातला फरक दोनशे पटीनं आवळला गेला.

खऱ्या आकड्यांत सांगायचं तर १०० वस्तुमानांकाचा अणू दोन हजार डिग्रीच्या भट्टीतून निघतो तेव्हा वेगांमध्ये सेकंदाला चारशेच्या वर मीटरचा पसारा असतो. त्याचा आयन करून ३० हजार व्होल्टमधून पळवला की तो सेकंदाला २४० किलोमीटरनं धावतो आणि पसारा आदर्श परिस्थितीत मीटरभराच्या आसपास येतो, प्रत्यक्षात आयन सोर्स थोडी भर घालतोच. रेषेची रुंदी हजारएक मेगाहर्ट्झवरून काही मेगाहर्ट्झवर येते, म्हणजे अणूची जी नैसर्गिक रुंदी असते तिच्याच घरात. ही कल्पना १९७६ ची आणि अजून रोजच्या वापरात आहे. लेसर आयनांच्या झोताच्या रेषेतच सोडायचा, त्याच दिशेनं किंवा समोरून, म्हणून नाव कोलिनिअर.

यात अजून एक सोय आहे जी मला फार हुशारीची वाटते. लेसरची फ्रीक्वेन्सी हलवायचीच नाही, ती घट्ट लॉक करून ठेवायची आणि आयनांचा व्होल्टेज थोडा थोडा बदलायचा, वेग बदलला की आयनाला तोच लेसर वेगळ्या फ्रीक्वेन्सीचा दिसतो. वरच्या उदाहरणात एक व्होल्ट म्हणजे साधारण ८ मेगाहर्ट्झ. अर्थात याची दुसरी बाजूही आहे, एकदा रात्रपाळीला आमच्या स्क्रीनवर एक पीक हळूहळू दुहेरी व्हायला लागलं आणि पहाटेपर्यंत आम्ही तिघं नवीन आयसोमर (तेच केंद्रक, पण वरच्या ऊर्जेच्या पातळीत टिकून राहिलेलं) सापडला म्हणून कुजबुजत होतो, सकाळी कळलं की पॉवर सप्लाय दोन व्होल्टनं सरकत होता. पेपर डोक्यात अर्धा लिहून झाला होता.

हलक्या मूलद्रव्यांत तर व्होल्टेजची चूक फारच महागात पडते, म्हणून तिथे दोन लेसर वापरतात, एक झोताच्या दिशेनं आणि एक समोरून. दोन्ही फ्रीक्वेन्सींचा गुणाकार बरोबर स्थिर अणूच्या फ्रीक्वेन्सीच्या वर्गाएवढा येतो, वेग गणितातून पूर्ण बाद. सर, सापेक्षतेचं डॉपलर सूत्र घेऊन करून बघा, दोन ओळींत निघतं. २००९ मध्ये सर्नच्या आयसोल्डे केंद्रात बेरिलियम ११ ची (११ म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून एकूण कण) चार्ज त्रिज्या, म्हणजे केंद्रकातला चार्ज किती लांबवर पसरलाय ते, याच युक्तीनं मोजली.

प्रश्न : काही मिलिसेकंद जगणारे अणू मिळवायचे कुठून आणि हातात येईपर्यंत टिकतात तरी का? आणि किती लागतात?

जगात अशी मोजकीच ठिकाणं आहेत, जिनिव्हाजवळचं आयसोल्डे (तिथे पहिला झोत १९६७ चा), कॅनडात ट्रायम्फ, फिनलंडमध्ये युव्हास्क्युला, जर्मनीत जीएसआय, अमेरिकेत मिशिगनचं एफरिब, अजून थोडी. आयसोल्डेची पद्धत सांगते कारण तीच जास्त माहितीची आहे. १.४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन एका जाड टार्गेटवर आदळवतात, बऱ्याचदा युरेनियम कार्बाइडचं, युरेनियमचे तुकडे होतात आणि शेकडो प्रकारचे आयसोटोप एकदम तयार होतात. टार्गेट दोन हजार डिग्रीच्या आसपास तापवलेलं असतं, का तर तयार झालेले अणू त्यातून झिरपून लवकर बाहेर यावेत, गार टार्गेटमध्ये ते आतच मरून जातील. मग हव्या त्या मूलद्रव्याचाच आयन करायचा, त्यालाही लेसरच, दोन किंवा तीन पायऱ्यांनी इलेक्ट्रॉन वर चढवून बाहेर काढायचा, पायऱ्यांची उंची प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असल्यामुळे दुसरं कोणी त्या जिन्यावर चढू शकत नाही. पुढे चुंबक वजनानुसार निवड करतो. हे सगळं होईपर्यंत ज्याचं आयुष्य संपलं त्याला आपण मोजत नाही, एवढंच.

किती लागतात याचं उत्तर पद्धतीवर आहे. साध्या पद्धतीत अणूनं सोडलेले फोटॉन मोजतात, त्यात अडचण अशी की लेसरचा इकडेतिकडे उडालेला प्रकाशही डिटेक्टरला दिसतो आणि खरा सिग्नल त्यात बुडतो. उपाय म्हणून आयन एका ट्रॅपमध्ये १०० मिलिसेकंद साठवतात आणि मग १० मायक्रोसेकंदांच्या गठ्ठ्यात एकदम सोडतात, गठ्ठा डिटेक्टरसमोरून जातो तेवढाच वेळ मोजायचं, बाकी वेळ कान बंद. गोंगाट दहा हजार पटीनं कमी. आणि त्याहून नाजूक पद्धत म्हणजे फोटॉन मोजायचेच नाहीत, लेसरनं इलेक्ट्रॉन पूर्ण बाहेर काढायचा आणि आयन मोजायचा, आयन जवळजवळ एकही निसटत नाही. आयसोल्डेतल्या क्रिस प्रयोगात याच पद्धतीनं तांबं ७८ सेकंदाला वीसच्या आसपास आयन मिळत असताना मोजलं.

पण खरी कमाल २०१६ ची, जीएसआयमध्ये नोबेलियमवर झालेली. १०२ नंबरचं मूलद्रव्य, निसर्गात नाहीच, शिशावर कॅल्शियम ४८ आदळवून सेकंदाला काही मोजके अणू बनतात. ते आर्गन वायूत थांबवले, एका बारीक तंतूवर गोळा केले, तंतू तापवून परत उडवले, दोन लेसरनं आयन केले आणि अल्फा कण निघाला का यावरून ओळखले. नोबेलियमची एकही स्पेक्ट्रल रेषा तोपर्यंत कोणी पाहिलेली नव्हती, कुठे शोधायची हे फक्त गणितानं सांगितलं होतं, आणि अर्धायुष्य ५१ सेकंद. मी त्या कामात नव्हते, पण न दिसलेली रेषा अंधारात चाचपडत शोधणं म्हणजे काय हे ज्यांनी स्कॅन चालवलेत त्यांना विचारा.

प्रश्न : एवढा खटाटोप करून असं काय हाती लागलं जे आधी माहीत नव्हतं? केंद्रक गोलच असणार ना.

असं वाटतं खरं. तुम्हाला पाऱ्याची गोष्ट सांगते, या विषयातली माझी सगळ्यात आवडती. पाऱ्याचे स्थिर आयसोटोप १९६ ते २०४ च्या दरम्यानचे. त्यातून एकेक न्यूट्रॉन काढत गेलं की केंद्रक हळूहळू लहान होत जातं, शहाण्यासारखं, अपेक्षेप्रमाणे. १९७२ मध्ये आयसोल्डेत मोजत मोजत मंडळी पारा १८७ पर्यंत आली, सगळं ठीक, आणि १८५ ला त्रिज्या एकदम उसळून वर गेली, बरेच न्यूट्रॉन जास्त असलेल्या जड भावंडांच्या बरोबरीला. पुढे १८६ आणि १८४ मोजले तर ते परत लहान. म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या सम असली की केंद्रक जवळपास गोल, विषम असली की लांबट, परत सम की गोल. एका न्यूट्रॉननं एकशे ऐंशी-पंच्याऐंशी कणांच्या अख्ख्या गठ्ठ्याचा आकार बदलायचा. गंमत म्हणजे १९७२ चं ते पहिलं मोजमाप लेसरचं नव्हतंच, दिव्याच्या प्रकाशानं केलं होतं, लेसर या कामात नंतर आले.

त्रिज्येवरून लांबट असल्याचं कसं कळतं असं कोणीतरी विचारलंय. घनफळ तेवढंच ठेवून गोल ताणला तर केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाची सरासरी वाढते, इलेक्ट्रॉनला तेवढंच जाणवतं. इथे क्वाड्रुपोल मोमेंटची मदत होत नाही, कारण पारा १८५ चा स्पिन १/२ आणि एवढ्या कमी स्पिनच्या केंद्रकाचा क्वाड्रुपोल मोमेंट हायपरफाइनमध्ये दिसतच नाही, लांबट असला तरी. त्याच पारा १८५ चा एक आयसोमर आहे, स्पिन १३/२, तो मात्र जवळपास गोल. तेवढेच प्रोटॉन, तेवढेच न्यूट्रॉन, आणि दोन आकार.

मग हा खेळ खाली कुठपर्यंत चालतो? हे कळायला २०१८ उजाडलं. १७७ पर्यंत जायचं होतं, त्याचं अर्धायुष्य सेकंदाच्या आठव्या हिस्स्याएवढं आणि अणू अत्यंत कमी. उत्तर आलं की लांबट फक्त तीनच, १८१, १८३ आणि १८५, त्याखाली परत सगळे शहाणे. जपानमधल्या महासंगणकावर केलेल्या गणितातून असं दिसलं की गोल आणि लांबट या दोन मांडण्यांच्या ऊर्जेत फरक अगदी नखाएवढा आहे, त्यामुळे एक न्यूट्रॉन इकडचा तिकडे झाला की पारडं फिरतं. माझ्या मते या आलेखाची, वर-खाली दात असलेल्या करवतीसारख्या, प्रत्येक पुस्तकात एक प्रत असायला हवी, केंद्रक म्हणजे गोळी हे चित्र त्यानं एका नजरेत पुसलं जातं.

प्रश्न : हेलियम ८ मध्ये हेलियम ६ पेक्षा दोन न्यूट्रॉन जास्त, तरी तुम्ही त्याची त्रिज्या कमी लिहिली. छपाईची चूक आहे का?

नाही, बरोबर छापलंय, पण अशी शंका चार जणांनी घेतली म्हणजे मी नीट सांगितलं नव्हतं. हेलियम ६ ची चार्ज त्रिज्या सुमारे २.०७ फेम्टोमीटर, हेलियम ८ ची १.९३, आणि साध्या हेलियम ४ ची १.६८. आता चार्ज कोणाकडे आहे? फक्त दोन प्रोटॉनांकडे, आणि ते तिन्हीमध्ये मधल्या घट्ट गाभ्यातच बसलेले आहेत. न्यूट्रॉन लांब लांब भटकत असतात, त्यांना इलेक्ट्रॉन बघत नाही. मग त्रिज्या वाढते का, तर गाभाच डोलतो म्हणून. हेलियम ६ मध्ये दोन भटके न्यूट्रॉन बऱ्याचदा एकाच बाजूला सापडतात, मग वस्तुमानाचा मध्य त्यांच्याकडे सरकतो आणि गाभा त्या मध्याभोवती विरुद्ध बाजूला फिरत राहतो, चार्ज पसरल्यासारखा दिसतो. हेलियम ८ मध्ये चार न्यूट्रॉन चहूबाजूंनी विखुरलेले, गाभ्याला सगळीकडून सारखी ओढ, डोलणं कमी. लिथियम ११ चा हेलो, म्हणजे गाभ्याबाहेर भटकणाऱ्या न्यूट्रॉनांचं वलय, १९८५ मध्ये जपानी भौतिकशास्त्रज्ञ तनिहातांच्या गटानं बर्कलीत दाखवला होता, त्याचाही गाभा असाच हलतो हे ट्रायम्फमध्ये लेसरनं मोजलं, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं.

मोजमाप किती अवघड होतं ते एका आकड्यात सांगते. हेलियम ४ आणि ६ च्या रेषांमधलं अंतर सुमारे ४३ हजार मेगाहर्ट्झ, पण ते जवळजवळ सगळं नुसत्या वजनातल्या फरकामुळे, आकाराचा वाटा जेमतेम दीड मेगाहर्ट्झचा. बाकीचा भाग गणितानं काढून वजा करायचा आणि ते गणित एवढं अचूक फक्त दोन-तीन-चार इलेक्ट्रॉनांच्या अणूंसाठीच जमतं. हेलियम ६ चं काम २००४ मध्ये अमेरिकेत आरगॉन प्रयोगशाळेत झालं, ८ चं २००७ मध्ये फ्रान्समध्ये गानिल प्रयोगशाळेत, दोन्ही वेळा एकेक अणू लेसरच्या पिंजऱ्यात धरून. हेलियम ८ चं अर्धायुष्य ०.१२ सेकंद.

प्रश्न : मॅजिक नंबर अजून खरे आहेत का?

मॅजिक नंबर म्हणजे प्रोटॉनांची किंवा न्यूट्रॉनांची अशी संख्या की केंद्रक खास घट्ट होतं. स्थिर केंद्रकांसाठी हो, २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६, यात वाद नाही. दूरच्या आयसोटोपांमध्ये प्रकरण सरळ नाही. कॅल्शियम घ्या, ४० आणि ४८ मध्ये आठ न्यूट्रॉनांचा फरक आणि चार्ज त्रिज्या जवळजवळ सारखी, हेच आधी कोड्यात टाकतं. मग ३२ न्यूट्रॉनांचं कॅल्शियम ५२, इतर पुराव्यांवरून ते मॅजिक वाटत होतं, म्हणजे घट्ट असायला हवं, आणि २०१६ मध्ये त्रिज्या आली ती अपेक्षेपेक्षा चांगलीच मोठी. यावर सगळ्यांना पटेल असं स्पष्टीकरण मी तरी वाचलेलं नाही.

प्रश्न : तुम्ही म्हणता लेसर केंद्रकाला शिवत नाही. पण २०२४ मध्ये थोरियमच्या केंद्रकालाच लेसरनं उडी मारायला लावली अशी बातमी होती. मग खरं काय?

पकडलंत. बातमी खरी आहे आणि पहिल्या उत्तरातलं माझं वाक्य इथे लंगडं पडतं. केंद्रकाच्या पातळ्यांमधलं अंतर सहसा हजारो ते लाखो इलेक्ट्रॉनव्होल्टचं, लेसरच्या आवाक्याबाहेरचं, पण थोरियम २२९ ला एक विचित्र पातळी आहे जी सगळ्यात खालच्या पातळीपासून फक्त ८.४ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे, म्हणजे १४८ नॅनोमीटरचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश पुरतो. ती नेमकी कुठे आहे हेच कित्येक वर्षं धड कळत नव्हतं. २०२३ मध्ये आयसोल्डेत क्रिस्टलमध्ये ॲक्टिनियम २२९ रोवून त्याच्या क्षयातून तयार होणाऱ्या त्या पातळीचा प्रकाश पहिल्यांदा पाहिला, त्यामुळे शोधायची पट्टी एकदम अरुंद झाली, आणि वर्षभरात जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गटानं लेसरनं ती उडी मारून दाखवली, मग अमेरिकेत बोल्डरला फ्रीक्वेन्सी कोंबनं (प्रकाशाची फ्रीक्वेन्सी मोजायची जणू पट्टीच) ती मोजली, सुमारे २,०२० टेराहर्ट्झ. यावर केंद्रकाचं घड्याळ बांधायचं चाललंय.

तरी माझी थोडी बाजू मांडू द्या. त्या वरच्या पातळीत केंद्रकाचा आकार आणि मोमेंट किती बदलतो हे २०१८ मध्येच माहीत झालं होतं, ट्रॅपमध्ये धरलेल्या थोरियम आयनांवर लेसर टाकून, आणि तिथे उडी मारली होती इलेक्ट्रॉननंच.